देखाव्यातून शिवारात

छत्रपती संभाजीनगरात चित्रकला शिकवण्यात माझे आयुष्य गेले. ‘लँडस्केप’ या शब्दाचा वर्गात मी नेहमी एकच अर्थ सांगत आलो : निसर्गचित्र. लांब उभे राहायचे, चौकट ठरवायची, क्षितिजाची रेघ कागदाच्या वरच्या भागात घ्यायची, विजेचे खांब, पाण्याच्या टाक्या आणि टपऱ्या वगळायच्या, उरेल ते रंगवायचे. या शब्दाच्या तोडीचा शब्द मराठीत नाही, असेही मी ठामपणे सांगत असे. आज या दोन्ही बाबतींत माझे मत बदलले आहे. ते कसे बदलले हे लिहून ठेवावेसे वाटते, कारण या एका शब्दाआड आपल्या जमिनीकडे पाहण्याची एक सवय बसली आहे आणि ती सवय मला आता अपुरी वाटते.

सवय लहानपणीच लागते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत येणारी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड. समुद्रापासून इतक्या लांब, मराठवाड्यात वाढलेली मुलेही तो नारळ न चुकता काढतात. ते चित्र मोडायचे, मुलांना खरे डोंगर पाहायला शिकवायचे, हे मी माझे काम मानले. शहराजवळचा साताऱ्याचा डोंगर, गोगाबाबाची टेकडी, बीबी का मकबऱ्याच्या मागची लेण्यांची रांग असे सगळीकडे आम्ही बोर्ड आणि रंगपेट्या घेऊन हिंडलो. अजिंठ्याला गेलो की मी मुलांना आधी लेण्यांत नेत नसे. समोरच्या ‘व्ह्यू पॉइंट’वर नेत असे. वाघोरा नदीने घोड्याच्या नालासारखा कोरलेला तो कडा आणि त्याच्या पोटातली लेण्यांची ओळ एका नजरेत भरते ती तिथूनच. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली, ती कथा मी तिथेच सांगायचो. लँडस्केप म्हणजे काय याचे याहून चांगले उदाहरण माझ्याजवळ नव्हते. ती जागा मला आजही तितकीच आवडते. पण तिथे उभे राहून मी आता वेगळे बोलतो.

पहिला धक्का एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने बसला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. बातमीत कुठे ‘लष्करी भूप्रदेश’ लिहिले होते, कुठे ‘भूदृश्य’, कुठे सरळ ‘लँडस्केप’. मुलगी म्हणाली, “सर, किल्ल्याला लँडस्केप कसं म्हणतील? लँडस्केप म्हणजे निसर्गचित्र ना? मग लष्करी निसर्गचित्र म्हणजे काय?” मी म्हणालो, किल्ला आणि त्याच्या भोवतालचा निसर्ग असे समज. उत्तर देतानाच ते मला पटत नव्हते. राजगडावरून दिसणारे दृश्य सुंदर आहे म्हणून काही तो त्या यादीत गेलेला नाही. डोंगराची सोंड कुठे संपते, घाटाची वाट कुठून चढते, पाणी कोणत्या टाक्यात बारमाही टिकते, खाडीचे तोंड कोणत्या बुरुजाच्या माऱ्यात येते, हे सगळे जाणून जमिनीचा कस जोखला गेला. तिथे जमीनच कामाला लावली होती. निसर्गचित्र या शब्दात त्यातले काहीच मावत नाही.

मग मी हा शब्द मुळापासून धुंडाळला. माझी समजूत होती की हा चित्रकारांचाच शब्द असणार. निघाले उलटे. जुन्या इंग्रजीत ‘लँडस्किपे’ असा शब्द होता, डचमध्ये ‘लँडस्खाप’ आणि जर्मनमध्ये ‘लांडशाफ्ट’. त्या सगळ्यांचा जुना अर्थ मुलूख, परगणा, एखाद्या समाजाने वसवलेला आणि आपल्या रीतीरिवाजाने चालवलेला प्रदेश असा आहे. मित्रत्व, नागरिकत्व यातल्या ‘त्व’शी नाते सांगावे असा शब्दाचा दुसरा भाग आहे, त्याच्या मुळाशी घडवणे, आकार देणे हा अर्थ सांगतात. नेदरलँड्समधल्या ड्रेन्ते या प्रांताचे जुने अधिकृत नावच ‘लँडस्खाप ड्रेन्ते’ होते. ते कुठल्या देखाव्याचे नाव नव्हते. ते तिथल्या लोकांचे, त्यांच्या जमिनीचे आणि त्यांच्या कारभाराचे नाव होते.

चित्रकार या शब्दाच्या गोष्टीत नंतर आले. सोळाव्या शतकात त्या भागातले चित्रकार गावे, शेते, नद्या रंगवू लागले, तेव्हा प्रदेशाचे नाव त्या चित्रांनाही लागले. १५२१ साली जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने आपल्या रोजनिशीत योआखिम पातिनिर या सहकाऱ्याचा उल्लेख लांडशाफ्ट उत्तम रंगवणारा असा केला आहे. इंग्रजांनी त्या शतकाच्या अखेरीस हा शब्द डच चित्रांबरोबर उचलला. जुना ‘लँडस्किपे’ त्यांच्या बोलण्यातून केव्हाच गेला होता. परत आला तो फक्त चित्र होऊन. पुढे चित्रासारखे दिसणाऱ्या खऱ्या जमिनीलाही ते लँडस्केप म्हणू लागले. अठराव्या शतकात तर हौशी प्रवासी खिशात एक लहानसा काळसर फुगीर आरसा बाळगत. सुंदर जागा आली की तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आरशातले प्रतिबिंब पाहायचे, म्हणजे ती जागा तैलचित्रासारखी दिसे. क्लोद लोरँ या चित्रकाराच्या नावाने तो आरसा ओळखला जाई. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. चौकट आधी, जमीन नंतर, हे मीही तर शिकवत होतो.

शब्दाचा हा प्रवास कळला आणि मामीचे एक जुने बोलणे आठवले. मामी फुलंब्री तालुक्यातली, जन्म शेतात गेलेला. एकदा माझ्या घरी आली होती तेव्हा भिंतीवरच्या डोंगराच्या चित्रापुढे बराच वेळ थांबली आणि तिने विचारले, “हे कोणतं शिवार?”

“कोणतंच नाही मामी. असंच डोंगराचं चित्र आहे.”

“असंच कसं असंल? डोंगर हाय म्हणल्यावर कुन्या तरी गावच्या शिवारात असंलच की. अन् याचं पाणी कोन्या अंगाला उतरतं?”

तेव्हा मी ते हसून सोडून दिले होते. आता मला वाटते, लँडस्केप या शब्दाचा केव्हाच हरवलेला अर्थ तिने दोन वाक्यांत विचारला होता. शीव म्हणजे गावाची हद्द आणि शिवार म्हणजे त्या हद्दीतली जमीन. नुसती माती नव्हे. कोणाचा बांध कुठे, पाणंद कुठून जाते, गायरान कोणते, ओढा कोणाच्या शेतातून वाहतो, हे सगळे धरून शिवार होते. मामीच्या घरच्या शेतांनाही नावे आहेत : बरडातलं, चिंचेखालचं, वाटेवरचं. ‘बरडातलं’ म्हटले की जमीन मुरमाड आहे, पाऊस ओढला तर पीक आधी तिथले जाणार, हे घरातल्या पोरालाही कळते.

त्याहून जुनी एक जोडी आपल्याकडे आहे : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या एका जागी चुली पेटल्या, शेणाने सारवले, राख पडली, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, म्हणून तिथली माती पांढुरकी झाली. माणसाच्या राहण्याने मातीचा रंग बदलतो, हे ज्या भाषेने दोन साध्या शब्दांत पकडून ठेवले, तिच्याजवळ लँडस्केपला शब्द नाही असे मी वर्गात सांगत होतो.

पण शिवार हा शब्द गोड मानून थांबता येणार नाही. शीव नेमकी कुठून जाते हे गावात सर्वांत पक्के कोणाला माहीत असे? महाराला. हद्दीचा तंटा पडला की त्याची साक्ष निर्णायक मानत. आणि त्याच माणसाचे घर गावकुसाबाहेर असे. ज्याने शीव सांभाळली त्याला शिवारात जमिनीचा वाटा जवळजवळ नव्हता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते यासाठीच. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांचा प्रश्न आजही निकाली निघालेला नाही. मी जो मोकळा माळ फिकट पिवळ्या रंगाच्या एका सपाट हातात रंगवून मोकळा व्हायचो, तो अनेकदा गायरान असायचा आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यावर कोणाची तरी मेहनत आणि कोणाचा तरी दावा असायचा. जमीन रिकामी दिसणे हा माझ्या चौकटीचा परिणाम होता. हे एकदा लक्षात आल्यावर ‘रिकामा माळ’ हे शब्द मला वर्गात उच्चारवत नाहीत.

आपल्या या भागात तर जमीन आणि माणसाचे काम वेगळे काढणेच अवघड आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार झाले. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ हा पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. पायऱ्यापायऱ्यांचे हे डोंगर वेरूळच्या बाजूला पाहिले की नाव किती नेमके आहे ते कळते. कठीण काळ्या दगडाचा थर, त्याखाली सच्छिद्र किंवा लालसर मऊ थर, पुन्हा कठीण. दोन थर जिथे भेटतात तिथून पाणी पाझरते. मामीने पाणी कोणत्या अंगाला उतरते हे विचारले ते यासाठी.

या दगडात लोकांनी काय केले पाहा. देवगिरीचा डोंगर लांबून शंकूसारखा दिसतो. मी त्याची किती तरी रेखाटने केली, पायथ्याचा सरळ उभा कडा निसर्गाचाच म्हणून काढला. तो माणसांनी छिन्नीने तासलेला आहे, चढून जायला आधार मिळू नये म्हणून. त्याच्या खालचा खंदकही खडकातच खोदलेला. आज ज्याला आपण देवगिरीचा आकार म्हणतो तो अर्धा पाथरवटांचा आहे. वेरूळचे कैलास लेणे तर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरत आणले. मागच्या बाजूला सुमारे शंभर फूट खोल खडक उतरवला आहे. डोंगर कुठे संपला आणि इमारत कुठे सुरू झाली, याची रेघ तिथे कोणालाच दाखवता येत नाही.

त्याच वेरूळची चित्रे अठराव्या शतकाच्या शेवटी पुण्याच्या गंगाराम तांबट या चित्रकाराने काढली. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो काम करत होता. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यानेही वेरूळची रेखाटने केली. वेल्स १७९५ साली वारला आणि त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये मोठा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. जगाने वेरूळ पाहिले ते डॅनियलच्या नजरेने. आमच्या कलाशिक्षणात डॅनियलचे नाव येते, गंगारामचे येत नाही. मी तरी त्याचे नाव फार उशिरा ऐकले.

अजिंठ्याच्या चित्रांकडेही मी आता वेगळ्या प्रश्नांनी पाहतो. तिथे डोंगर आहेत, ठोकळे रचावेत तसे खडक आहेत, पाने, फुले, हत्ती, माकडे, मोर आहेत. पण माणसांपासून सुटा केलेला देखावा कुठेच नाही. पूर्वी मी ही त्या चित्रकारांची मर्यादा समजत असे, यथादर्शन त्यांना अवगत नव्हते असे सांगत असे. आता वाटते, जमीन एकटी पाहण्याची त्यांना गरजच पडली नाही. तमिळ संघम कवितेत डोंगर, रान, शेत, समुद्रकाठ आणि ओसाड भाग असे पाच प्रदेश मानले आहेत आणि प्रत्येकाशी प्रेमातली एकेक अवस्था जोडली आहे. आपल्या पैठणच्या सातवाहनांशी जोडलेल्या गाथासप्तशतीतही गोदेचा काठ आणि पिकात आलेली शेते कोणाच्या तरी भेटीसाठी किंवा वाट पाहण्यासाठी येतात. आणि मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीच्या काळात, चौदाव्या शतकात, महानुभावांनी ‘स्थानपोथी’ लिहिली. चक्रधरस्वामी कुठे बसले, कुठे राहिले, देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणत्या बाजूला, याची ती नोंद आहे. देखाव्याचे वर्णन तिच्यात शोधायला गेलो तर हाताला लागत नाही. जागा मात्र डोळे मिटूनही सापडेल इतकी पक्की लिहिली आहे. मला तो आता आपल्या भाषेतला लँडस्केपचा एक थोर ग्रंथ वाटतो.

माझे मत पूर्णपणे फिरवले ते मात्र नहर-ए-अंबरीने.

छत्रपती संभाजीनगर वसायच्या आधी इथले गाव होते खडकी. नावातच खडक. १६१० साली मलिक अंबरने तिथे राजधानी वसवली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा, आणि खाली खडक. अशा जागी राजधानीला पाणी आणायचे तर उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याला मुरलेले पाणी जमिनीखालून शहरापर्यंत न्यायचे, असे त्याने ठरवले. भुयारी पाट खोदले, त्यांना इतका नेमका उतार दिला की पाणी आपोआप वाहत राहावे. मधूनमधून हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी विहिरीसारखी तोंडे ठेवली आणि पुढे खापरी नळांनी ते पाणी मोहल्ल्यांत, हौदांत पोहोचवले. हीच नहर-ए-अंबरी. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली, तीही अशाच एका नहरीच्या पाण्यावर. तिथे भिंतीवरून पडणारे पाणी पाहायला पर्यटक येतात. ते पाणी मैलोन्‌मैल जमिनीखालून येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. याच मलिक अंबरने जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत घातली. मलिकअंबरी धारा म्हणून ती आपल्या इतिहासात प्रसिद्ध आहे. माती, उतार, पाणी आणि वसूल हे त्याच्या डोक्यात एकत्र होते.

मी या शहराची शेकडो चित्रे काढली. दरवाजे, मकबरा, खाम नदीचा पूल, पाणचक्कीचा हौद, सगळे काढले. नहर एकाही चित्रात नाही, कारण ती दिसत नाही. ज्या गोष्टीमुळे हे शहर इथे उभे राहू शकले तीच माझ्या लँडस्केपमध्ये नव्हती. मग लँडस्केप म्हणजे डोळ्यांना दिसणारा भाग, ही व्याख्या धरून ठेवण्यात काय अर्थ राहिला? आणि ही चूक फक्त चित्रकाराची असती तर एक वेळ चालले असते. शहरही तसेच वागले. दरवाजे दिसतात म्हणून त्यांच्यासाठी बोलणारे लोक निघाले. नहरीवर मात्र घरे झाली, तोंडे बुजली, पाट फुटले, आणि एवढे नुकसान होऊनही शहरात फारशी ओरड झाली नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीच्या पायाखाली चारशे वर्षांपूर्वीचा पाण्याचा पाट कोरडा पडलेला असतो, ही गोष्ट मला आता झोपू देत नाही.

आज शहरात ‘लँडस्केपिंग’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. हॉटेलापुढे, नव्या वसाहतीत, रस्त्याच्या दुभाजकात हिरवळ लावणे म्हणजे लँडस्केपिंग. मला हिरवळीचा राग नाही. पण ७०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात रोज पाणी पिणारे गवत पसरायचे आणि त्याच आवारातला जुना ओढा भराव टाकून बुजवायचा, हे देखाव्याच्या अर्थाचे शेवटचे टोक आहे. युनेस्कोने १९९२ साली ‘सांस्कृतिक भूप्रदेश’ हा वारशाचा प्रकार मान्य केला, माणूस आणि निसर्ग यांनी मिळून घडवलेली जमीन या अर्थाने. म्हणजे जगही शब्दाच्या जुन्या अर्थाकडे परत येते आहे.

शिवार हा शब्द सगळीकडे चालेल असा माझा आग्रह नाही. कोकणातला माणूस समुद्रकाठाला शिवार म्हणणार नाही, आणि शहरातल्या गुलमंडीच्या बाजारपेठेला शिवार म्हणताना माझीही जीभ अडखळते. निसर्गचित्र हा शब्दही मी टाकून दिलेला नाही. रंगांचा, उजेडाचा अभ्यास त्याच नावाने चालू राहील. पण चित्र काढायच्या आधी जमीन विचारून घ्यायची, हा क्रम मी आता सोडत नाही. मुलांना व्ह्यू पॉइंटवर नेले की जॉन स्मिथच्या आधी लेणापूरबद्दल सांगतो. पठारावरच्या त्या गावाच्या नावातच लेणे आहे. मुले आता चित्राखाली गावाचे नाव, डोंगराचे तिथल्या लोकांच्या तोंडी असलेले नाव आणि पाणी उतरण्याची दिशा लिहितात. विजेचे खांब काढायचे की नाही, ते त्यांचे त्यांनी ठरवायचे.

एक विनंती आहे. शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशावर जसे रस्ते आणि आरक्षणे दाखवतात, तशीच नहरींची वाट आणि त्यांची उरलेली सर्व तोंडे दाखवली जावीत, यासाठी आपण सगळ्यांनी मागणी करावी. आणि ज्यांच्या अंगणात, वाड्यात किंवा शेतात असे एखादे जुने तोंड असेल त्यांनी ते बुजवू नये, त्यात कचरा टाकू नये. त्याचा फोटो काढावा, जागा लिहून ठेवावी आणि शेजारच्या शाळेतल्या मुलांना ते एकदा दाखवावे.